इंधन बचतीची उपकरणे : पारखूनच घ्यावीत



मासेमारीच्या प्रत्येक फेरीच्या खर्चात डिझेलचा वाटा फार मोठा असतो. त्यामुळे इंधनाची २० ते ३० टक्के बचत करून देणारे उपकरण विकावयास कोणी बंदरावर आला, तर नौकामालकाचे मन तिकडे ओढ घेणे स्वाभाविक आहे. कोणी तेलाच्या नळीवर लोहचुंबक बसवितो, कोणी टाकीत गोळी टाकावयास सांगतो. परंतु कष्टाचा पैसा देण्यापूर्वी या दाव्याची शहानिशा होणे अगत्याचे आहे.

सुस्थितीतील डिझेल इंजिनात जवळजवळ सर्व तेल जळते. त्यातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पंखा फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता धूर आणि थंडाव्याचे पाणी यांवाटे निघून जाते. न जळणारे तेलच इतके अल्प असताना ते जाळून ३० टक्के बचत कशी व्हावी? डिझेलवर चुंबकाचा परिणामही नगण्यच होतो. धूर काळा येत असेल, तर इंजिनावर जादा भार पडतो आहे, हवेची गाळणी तुंबली आहे किंवा इंजेक्टर बिघडला आहे, असे समजावे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मोटारगाड्यांसाठीच्या अशा शंभराहून अधिक उपकरणांचे मूल्यमापन केले. मोजक्या उपकरणांनी अल्पशी बचत दाखविली. मोठे दावे मात्र खरे ठरले नाहीत.

मग काहींना अनुभव चांगला का येतो? उपकरण बसविताना गाळणी बदलली जाते, इंजेक्टर साफ होतो, तांडेलही जपून वेग ठेवतो. बचत त्यामुळे होते आणि श्रेय उपकरणाला मिळते. उलट, तेलाच्या नळीत नवा सांधा घातला आणि तेथून हवा शिरली, तर भर समुद्रात इंजिन बंद पडण्याचा धोका असतो.

परीक्षा घ्यावयाची तर तीच नौका, तेवढाच भार आणि शांत समुद्र असावा. ठराविक फेऱ्यांवर इंजिन चालवून तेच अंतर जाऊन-येऊन कापावे, म्हणजे प्रवाहाचा परिणाम बहुतांशी निघून जातो. तेल टाकीवरून न अजमावता मापाच्या भांड्यातून द्यावे. उपकरणासह व उपकरणाविना अशी चाचणी अनेकदा करावी. विक्रेता यास तयार नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

खऱ्या बचतीचा मार्ग हाताशीच आहे. वेग १० टक्क्यांनी कमी केल्यास लागणारी शक्ती ढोबळमानाने २७ टक्क्यांनी घटते आणि वेळ अधिक लागूनही तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के तेल कमी लागते. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर असताना तळाचे शेवाळ व शिंपले खरवडून काढावेत, वाकलेला पंखा दुरुस्त करावा, इंजेक्टर तपासून घ्यावेत. या कामांवर केलेला खर्च कोणत्याही जादूच्या डबीपेक्षा अधिक फळ देईल, हे निश्चित.