परीक्षेचे गाणे कसे निवडावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या गायनवर्गातील काही भगिनी यंदा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणार आहेत. कोणी प्रवेशिकेला, तर कोणी मध्यमेला. वर्ग संपला की त्या एकच प्रश्न विचारतात, “ताई, परीक्षेत मी कोणता राग गाऊ?” चिटणीसबाईंनी आग्रह केला की, याच विषयावर चार शब्द सांगा. म्हणून मी उभी आहे.

प्रथम या परीक्षांविषयी थोडे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे घरंदाज कुटुंबांत जावे ही त्यांची तळमळ होती. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. हा वारसा आपल्या नागपुरातही आला. विष्णु दिगंबरांचे शिष्य शंकरराव सप्रे येथे गाणे शिकवीत. डॉ. वसंतराव देशपांडे लहानपणी त्यांच्याचपाशी शिकले. ज्या काळी बाईने घरात मोठ्याने गुणगुणणेही खपत नसे, त्या काळापासून आपण परीक्षेच्या खोलीपर्यंत आलो, ही वाट सोपी नव्हती.

त्या खोलीत परीक्षक बहुधा पहिल्याने म्हणतात, “तुमच्या आवडीचा राग गा.” भगिनींनो, आपली खरी परीक्षा येथेच होते. घरात भाजी कोणती करायची ते आपण सर्वांना विचारतो. मंगळागौरीची गाणी परंपरेने ठरलेली, भजनी मंडळातली वारानुसार ठरलेली. तुला काय आवडते, असे आपल्याला कोणी सहसा विचारीत नाही. म्हणून कोणी विचारले की आपण चटकन म्हणतो, “तुम्ही सांगाल ते.” गोकुळपेठेच्या बाजारात सांभाराची जुडी चारदा उलटसुलट पाहणाऱ्या आपण, परीक्षेचा राग मात्र मैत्रिणीने घेतला म्हणून घेतो!

निवड करताना पहिला विचार आपल्या गळ्याचा करावा. कोणाची काळी पाच, कोणाची काळी चार. पण वय वाढले की बाईचा आवाज थोडा उतरतो. हा निसर्ग आहे, त्यात लाज कसली? गंगूबाई हनगल यांचा आवाज गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर भारदस्त, खालच्या पट्टीचा झाला आणि त्याच आवाजाने त्यांना कीर्ती दिली. अडाणा वरच्या सप्तकात रमतो, दरबारी खालच्या स्वरांत विसावतो. आपला गळा कोठे सुखावतो ते पाहावे आणि अभ्यासक्रमातला तसा राग घ्यावा.

दुसरा विचार रागाच्या शेजाऱ्यांचा. भूप सोपा म्हणून पुष्कळजणी तो घेतात. पण भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच, सा, रे, ग, प, ध. भूपात गंधार प्रमुख, देसकारात धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. परीक्षक हा भेद हटकून विचारतात आणि तो तोंडाने सांगण्यापेक्षा गाऊन दाखवावा लागतो. मालकंस घेतला तर त्यात पंचमच नाही. तेव्हा तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावून घ्यावी. मोबाइलवरचा तानपुरा असला तरी हेच करावे.

तिसरा विचार शब्दांचा. आपल्या बंदिशी पुष्कळदा ब्रज भाषेतल्या. त्यांत सास येते, ननद येते, पिया येतो. विष्णु दिगंबरांनी अनेक चिजांतले शृंगाराचे शब्द काढून तेथे भक्तीचे घातले, ते गाणे घराघरांत जावे म्हणून. शब्द कोणतेही असोत, अर्थ ठाऊक असल्याशिवाय गाऊ नये. अर्थ कळला की श्वास कोठे घ्यावा तेही आपोआप कळते आणि शब्द मध्येच तुटत नाही.

चौथे, बंदीश जुनी असावी, म्हणजे आपल्याला जुनी. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना जी नकळत ओठांवर येते, ती घ्यावी. उन्हाळ्याच्या सत्रात आपल्या नागपूरच्या उन्हाने घसा कोरडा पडतो, खोलीत अनोळखी माणसे बसलेली असतात. महिन्याभरापूर्वी घोकलेली चीज अशा वेळी दगा देते. वर्षभर सोबत राहिलेली देत नाही.

गेल्या साली आपल्या वर्गातल्या, पन्नाशी उलटलेल्या एका भगिनीने काळी तीनमध्ये मालकंस गायला. घरच्यांचे म्हणणे होते की नातीसारखी उंच पट्टी घे, नाहीतर हसू होईल. त्यांनी ऐकले नाही. परीक्षकांनी विचारले, “मालकंसच का?” त्या म्हणाल्या, “याच्या मध्यमावर माझा आवाज स्थिर राहतो.” त्या उत्तीर्ण झाल्या, गुणही बरे मिळाले. पण मला त्या गुणांहून ते उत्तर मोठे वाटते. आपली निवड आपण केली आणि तिचे कारणही आपल्या तोंडाने सांगितले!

यंदा बसणाऱ्या भगिनींना माझे इतकेच सांगणे आहे. गुरूंचा सल्ला जरूर घ्या, पण “तुम्ही सांगाल ते” म्हणू नका. दोन-तीन राग आठवडाभर गाऊन पाहा आणि मग गुरूंकडे जाऊन सांगा, “मला हा गायचा आहे, कारण असे असे आहे.” कारण सांगता आले की निम्मी तयारी झाली असे समजा.