बदलता पदार्थफलक आणि खाणावळचालक

मुंबई-नाशिक महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो, तर कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे वळतो. या मार्गांवरील खाणावळींचे ताट ऋतूनुसार बदलते. पावसाच्या आरंभी शेवळी, पुढे टाकळा, कुर्डू व कंटोळी येतात. शेवळी तर काही आठवड्यांतच संपतात. दारातील फळ्यावर हा बदल खडूने क्षणात होतो. संकेतस्थळावर मात्र दुरुस्तीसाठी जाणकाराची वाट पाहावी लागल्यास जुनेच पदार्थ व जुनेच दर राहतात. मग दूरवरून आलेला ग्राहक निराश होतो, दरावरून वाद होतो आणि खाणावळीची पत जाते.

उपाय अवघड नाही. पदार्थसूची छायाचित्ररूपात न ठेवता मजकूररूपात ठेवावी. प्रत्येक पदार्थाचे नाव, दर आणि ‘आहे’ अथवा ‘संपले’ एवढ्याच नोंदी असाव्यात. त्या चालकास स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून मराठीत बदलता याव्यात, बदलाची तारीख आपोआप उमटावी आणि पानाची मांडणी बिघडू नये. प्रारंभी एवढे शिकविण्यास शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी हातभार लावावा. फळ्याचा खडू चालकाच्या हाती असतो, संकेतस्थळाचाही असावा.