शिष्यवृत्ती, सवलत आणि कर्ज : उच्च शिक्षणाचा भार कोणी वाहावा?



शिष्यवृत्ती, अनुदान आणि कर्ज हे तीन शब्द हल्ली सरकारी पत्रकांत एका ओळीत येतात. जणू एकाच औषधाच्या त्या तीन पुड्या आहेत. वस्तुतः तिहींच्या मुळाशी तीन निरनिराळ्या समजुती आहेत. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याचा समाजावरील हक्क मान्य करते. अनुदान संस्थेला मिळते आणि त्यामुळे शिक्षणाची किंमत सर्वांसाठीच उतरते. कर्ज मात्र असे गृहीत धरते की, शिक्षणाचा लाभ एकट्या शिकणाऱ्याचा आहे, सबब त्याची किंमतही त्यानेच व्याजासह फेडावी. यांपैकी कोणत्या समजुतीवर राज्याची धोरणे उभी राहतात, हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाला एकेकाळी स्पष्ट उत्तर दिले होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली, कारण खेड्यातल्या मुलाला फीपेक्षाही राहण्या-जेवणाचा खर्च अधिक अडवतो हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय काढले, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. पुढे १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ई.बी.सी. सवलत आली आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर फी माफ होऊ लागली. शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या घरातली पहिली पदवीधर पिढी घडली, त्यात या सवलतीचा वाटा मोठा आहे.

वळण आले ते १९८३ साली. कायम विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि 'कॅपिटेशन फी' हा शब्द मराठी घरांत शिरला. तिला बंदी करणारा कायदा १९८७ चा. खाजगी व्यावसायिक संस्थांच्या प्रवेशांचे व शुल्काचे नियमन करणारा कायदा २०१५ चा. परंतु मधल्या काळात मूळ बदल पक्का झाला होता : राज्याने संस्था चालवण्याची जबाबदारी सोडली आणि विद्यार्थ्याच्या फीची काही भरपाई करण्याची जबाबदारी तेवढी ठेवली. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सांगितले होते. ते उद्दिष्ट आजवर गाठले गेलेले नाही. ही जी पोकळी राहिली, ती भरण्यासाठी बँकांना पाचारण करण्यात आले.

बँकेचे शैक्षणिक कर्ज कसे चालते ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये दहा टक्के व्याजाने घेतले. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. व्याजाची आकारणी मात्र चालूच. सरळव्याजानेही पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वी कर्ज पाच लाख चाळीस हजारांवर गेलेले असते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे सात हजार शंभर रुपये पडतात. पहिलीच नोकरी पंधरा-अठरा हजारांची असेल, तर त्या मुलाने खोलीभाडे द्यावे, घरी पैसे पाठवावे की हप्ता भरावा?

येथे एक मूलभूत अडचण आहे. विहिरीसाठी किंवा म्हशीसाठी कर्ज दिले तर तारण राहते. माणसाची विद्या तारण ठेवता येत नाही. मिल्टन फ्रीडमन यांच्यासारख्या बाजाराच्या कट्टर पुरस्कर्त्यानेही १९५५ सालच्या निबंधात ही अडचण मान्य केली आहे. म्हणून सावकार असो वा बँक, जोखीम दिसली की तो बापाची जमीन विचारतो. ज्याच्या बापाला जमीन आहे, त्यालाच शिक्षणाचे मोठे कर्ज सहज मिळते. म्हणजे ज्याला गरज सर्वांत अधिक, त्याच्यापाशी कर्ज सर्वांत उशिरा पोचते.

सरकारला हे उमगलेले नाही असे नव्हे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षणकाळातील व्याजाची सवलत २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण नाही, जामीनदार नाही. आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्न गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. परंतु ही योजना मंजूर झाली ती मानांकनात वर असलेल्या ८६० संस्थांसाठी, आणि तीन टक्क्यांची सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांसाठी. तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी या यादीत सहसा बसत नाही. सवलत गुणवंत संस्थेला चिकटली, गरजू विद्यार्थ्याला नव्हे.

परदेशांचे दाखले नेहमी दिले जातात, म्हणून तेही तपासावेत. इंग्लंडमध्ये १९६२ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना निर्वाहाचे अनुदान मिळत असे. तेथे १९९० साली कर्जे आली, १९९८ साली हजार पौंड फी आली आणि २०१२ पासून फीची मर्यादा नऊ हजारांवर गेली. दार एकदा किलकिले झाले की ते किती उघडते, याचा हा धडा आहे. अमेरिकेत शैक्षणिक कर्जाची एकूण थकबाकी दीड लाख कोटी डॉलरांच्या पुढे गेली आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली निराळी वाट काढली : पदवीधराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावरच करासोबत वसुली. बँकेच्या हप्त्यापेक्षा ही पद्धत निःसंशय माणुसकीची आहे. मात्र जेथे बहुसंख्य लोक असंघटित क्षेत्रात राबतात आणि त्यांच्या उत्पन्नाची नोंदच नसते, तेथे ती जशीच्या तशी रुजणार नाही.

मग कर्जाला स्थानच नाही काय? याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत सापडते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेला पाठवले ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या मित्राकडून त्यांनी कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती, स्वकमाई, मदत आणि कर्ज अशी चारही साधने या एका आयुष्यात आहेत. पण त्यांचा क्रम पाहावा. कर्ज सर्वांत शेवटी आले, कोलंबियाची पदवी हाती असताना आले, आणि मित्राच्या विश्वासावर आले. १९१३ साली कोणी तारण मागितले असते, तर काय घडले असते याची कल्पना करावी.

हाच क्रम राज्याने स्वीकारला पाहिजे. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क महाराष्ट्राने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु खानावळ, खोली, एस.टी.चा पास आणि पुस्तके यांचा खर्च फीमाफीने भागत नाही. 'स्वाधार'सारख्या निर्वाह योजना वाढवाव्यात आणि त्यांची रक्कम महागाईशी जोडावी. दुसरे, शिष्यवृत्ती वेळेवर मिळणे हा कायदेशीर हक्क व्हावा. परीक्षा संपल्यावर आलेली शिष्यवृत्ती दरम्यान हातउसने घेतलेल्या पैशावरचे व्याज फेडण्यातच जाते. रक्कम आली नाही म्हणून प्रवेश वा गुणपत्रक अडवण्याची मुभा कोणत्याही संस्थेला नसावी. तिसरे, सरकारी व अनुदानित महाविद्यालयांतील रिकाम्या जागांवर कायम प्राध्यापक नेमावेत. स्वस्त शिक्षण निकृष्ट ठेवले, तर गरीब मुलगाही कर्ज काढून खाजगीकडेच धावणार. या तिन्ही गोष्टी झाल्यावर जी उणीव राहील, तीपुरतेच कर्ज असावे. तेही बिनतारणी आणि उत्पन्नाच्या प्रमाणात फेडीचे.

पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. शिकून जो भरपूर कमावतो, त्याच्याकडून वाढत्या दराने प्राप्तिकर घेण्याची व्यवस्था आहेच; ती नेकीने राबवली तर शिक्षणाचे ऋण त्यातूनच फिटते. आणि जो शिकून खेड्यात शिक्षक होतो, परिचारिका होते, त्यांच्याकडून समाज रोजच वसुली करीत असतो. त्यांच्या नावावर बँकेचा हप्ता लावणे म्हणजे एकाच ऋणाची दोनदा वसुली करणे होय.