संत्र्याची पेटी आणि मोबाईलवरचा फॉर्म
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



आम्ही सरकारी कचेरीतली माणसे. फॉर्म वाचण्यात आणि त्रुटी काढून परत करण्यात आमची वर्षे गेली. म्हणूनच मंडळाने हा विषय आमच्या गळ्यात घातला असावा.

पांढुर्णा-सौंसरच्या बागाईतदाराचे गणित आपल्याला ठाऊक आहे. फळ झाडावर असतानाच व्यापारी बाग बघतो, आकडा सांगतो, सौदा होतो. तेच फळ नागपुरात, भोपाळात काय भावाने विकले गेले, ते मागाहून तिथला भाचा सांगतो. आता काही तरुण थेट गिऱ्हाइकाला पेटी पाठवू पाहतात. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, "काका, दोन पेट्या पाठवा." पत्ता दुसऱ्या दिवशी येतो, पिनकोड येतच नाही, आणि पैशाचा स्क्रीनशॉट तिसऱ्याच नावाने येतो. दहा ऑर्डरींपर्यंत हे निभते. पन्नास झाल्या की वही हरते.

इथे आपला स्वतःचा वेब फॉर्म कामी येतो. नाव, मोबाईल, पत्ता, सहा आकडी पिनकोड, पेट्या किती, बस. रक्कम फॉर्मनेच जोडून दाखवावी. मोबाईल दहा आकडी नसेल तर पुढे जाऊ देऊ नये. आधार, जन्मतारीख, वडिलांचे नाव कशाला? संत्री खायला वय लागत नाही. सरकारी फॉर्मची नक्कल करू नका, हे आम्हीच सांगतो आहोत!

नावाचा रकाना एकच ठेवावा आणि त्यात देवनागरी चालावी. आपला ज्ञानेश्वर इंग्रजीत 'डीएन'ने सुरू होतो, हिंदी कचेरीत तोच 'जी'ने लिहिला जातो. मग बँकेत एक, समग्र आयडीत दुसरा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हाही झाला, पण नावांची ओढाताण काही संपली नाही. म्हणून पैसे नावावरून जुळवू नका, ऑर्डर क्रमांकावरून जुळवा.

पैसे घेण्याच्या दोन वाटा. पहिली, फॉर्मखाली क्यूआर चिकटवणे. फुकट आहे, पण गिऱ्हाइकाने पाठवलेला बारा आकडी व्यवहार क्रमांक रोज रात्री बँकेच्या नोंदीशी ताडावा लागतो. स्क्रीनशॉटवर विश्वासून पेटी गाडीत चढवू नये, तो खोटा बनवता येतो. दुसरी वाट पेमेंट गेटवेची. त्यात पैसे जमा होताच त्याच ऑर्डरीपुढे नोंद पडते. गेटवेवाला आपली फी घेतो, ती पेटीच्या भावात आधीच धरावी. कार्डाचा नंबर आपल्या फॉर्मात विचारूच नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवायलाही मनाई आहे.

पैसे कटले पण ऑर्डर लागली नाही, असे होतेच. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला यूपीआयने दिलेले असे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे फॉर्मवरच लिहून ठेवले तर निम्मे फोन वाचतील. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हे आजीला आणि नातवालाही सांगा. फसलातच तर लगेच १९३० लावा.

शेवटची गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, संमती मागताना ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी, असे म्हटले आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा आपल्या फॉर्मची पहिली ओळ मराठीत असू द्या, खाली हिंदी. माहिती कशासाठी घेतो आणि केव्हा पुसतो, एवढे दोन वाक्यांत लिहा.

अंबिया बहार तोंडावर आला आहे. फॉर्म तयार झाला की आधी स्वतःच एक रुपया भरून बघा आणि तो आपल्या खात्यात पोचल्यावरच लिंक पुढे पाठवा. ज्यांना आजच बसायचे असेल, त्यांनी आरतीनंतर फोन चार्ज करून मागच्या खोलीत यावे.