लाल विंचू आणि बिरवाडीचा डॉक्टर

तारकर्लीत माडाच्या चुडतांचा ढीग उपसताना माणसं हात जपूनच घालतात. खाली लाल विंचू असायचा! कोकणात त्याच्या गंभीर दंशाने एके काळी दहातले तीन-चार रुग्ण दगावत. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, शेतकऱ्याघरचे. मोठी यंत्रं नव्हतीच. ते खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. विष हृदयावर ताण आणतं, हे त्यातून उमगलं. रक्तदाबावरची साधी प्राझोसिनची गोळी कामी आली आणि मृत्यू शेकडा एकाच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेही त्यांचं काम छापलं. तेव्हा मंडळी, विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा.