तांबें, तांब्या आणि तांबडा



परवां भोपळ्याची फोड पाहून आमच्या नातीनें विचारलें, "आजोबा, हा तर पिवळा दिसतो, मग ह्याला तांबडा कां म्हणतात?" उत्तर देण्यासाठीं मला देवघरांतील ताम्हण आणावें लागलें, आणि आजच्या भाषणाचा विषयहि तेथेंच सांपडला.

संस्कृतांतील 'ताम्र' हा शब्द धातूचाही आहे आणि वर्णाचाही. त्यापासून मराठींत तांबें आलें. त्या धातूचा घडविलेला लोटा तो तांब्या, घडविणारा कारागीर तो तांबट, आणि तिच्या वर्णाचें जें जें, तें तें तांबडें. चिंचेनें घासलेलें ताम्हण नीट पाहा. त्याचा रंग रक्ताचा नव्हे. त्यांत पिवळेपणाची झांक आहे, मातीचीहि आहे. म्हणून कोंकणची माती तांबडी, भोपळा तांबडा, आणि पहाटे पूर्वेला फुटतें तेंहि तांबडेंच. 'लाल' हा फारसींतून आलेला पाहुणा, तांबडा घरचा.

स्वयंपाकघरांत तर हा शब्द चांगलाच रुळला. कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाला रंग देणारी मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकांत इकडे आली. जिन्नस नवा, पण त्याच्या रंगाला नांव शोधावें लागलें नाहीं. तें चुलीजवळच्या भांड्यांत तयारच होतें. त्याच भांड्यांत आंबट पदार्थ मात्र कळकतो, म्हणून आंतून कल्हई हवी, हेंहि घरोघरच्या आजींना ठाऊक होतें.

येथें एक सावधगिरी. विड्यानें ओठ तांबडे होतात, म्हणून 'तांबूल' ह्याच कुळांतला वाटतो. परंतु भाषाशास्त्रज्ञ त्याचें मूळ आग्नेय आशियाई भाषाकुळांत शोधतात. नादसाम्य म्हणजे नातें नव्हे.

आज तांब्या स्टीलचा झाला. नांव तेवढें राहिलें. शब्दाचें त्यांत कांहीं बिघडलें नाहीं. पण ज्या वस्तूकडे बोट दाखवून रंग शिकवावा, ती दृष्टीआड झाली, आणि मग भोपळ्याचें नांव मुलांना चुकीचें वाटूं लागलें. नातीनें ती फोड ताम्हणांत ठेवली, क्षणभर पाहिलें आणि मान डोलावली. माझ्या व्याख्यानाची तिला गरज उरली नाहीं.

तेव्हां एखादें तांब्याचें भांडें घासून मुलांच्या नजरेसमोर ठेवावें, एवढीच विनंति.