तेरेखोल ते पोळे : पहिला दिवस

(मंडळाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्याचा किनारा पाठीवर सामान घेऊन पायी चालायचा तर सुरुवात कशी करावी, यावर बोला, असे मंडळाने सांगितले. आम्ही दोघे भाऊ, एक डिचोलीत राहणारा, एक पेडण्यात, मार्गशीर्षातल्या पंचमीला तेरेखोलहून पोळेकडे निघालो. सगळा प्रवास सांगत नाही. पहिला दिवस नीट बसला की पुढचे दिवस सोपे जातात, म्हणून तेवढाच सांगतो.

आधी सामान. आम्ही दोन्ही सॅक एका चटईवर रिकाम्या केल्या. दोन विजेऱ्या, दोन औषधपेट्या, दोन स्टोव्ह, चाकूही दोन! दोन घरे झाली की असेच होते. प्रत्येकातले एकच ठेवले आणि ओझे वाटून घेतले. थोरल्याचा गुडघा दुखतो, म्हणून त्याला कमी. एक ठरावही केला : ज्याला चालवणार नाही तो थांबेल, आणि तो थांबला की दुसराही थांबेल.

मग भरती-ओहोटी. आपल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा : तिथीला पाऊणने गुणावे, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी. यात तासभर इकडेतिकडे होते, म्हणून छापील तक्ता पाहावाच. पाणी ओसरले की ओली, घट्ट वाळू मिळते. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि दम निघतो. शिवाय दक्षिणेकडे जाताना समुद्र कायम उजवीकडे, उतारही तिकडेच. उजवा पाय दिवसभर खाली पडतो. ओहोटीला पाण्याजवळची वाळू सपाट असते, म्हणून गुडघ्यासाठीही तीच वेळ बरी.

तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीच्या सावंतांचा. १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकावला. तटाला हात लावून आम्ही खाली आलो आणि फेरीबोटीने नदी ओलांडून केरीला उतरलो. पुढे खडकाळ टेकडीची पायवाट, मग हरमलचे गोड्या पाण्याचे तळे. इथे बाटल्या भरून घेऊ असे समजू नका; पिण्याचे पाणी केरीहूनच घ्यावे.

मांद्र्याला सुरूच्या सावलीत भाकरी खाल्ली. एरवी आम्ही भेटतो ते चवथीला. तेव्हा माटोळी बांधायची, आरत्या, पाहुणे. दोघांना निवांत बोलायला सवड कुठे? आई-वडील गेल्यापासून मूळ घर वर्षातले अकरा महिने बंद. छप्पर गळते. गणपती तिथेच बसवायचा की कोणा एकाच्या घरी न्यायचा, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता आणि दोघेही तो टाळत होतो. समोरासमोर बसून हे विषय निघत नाहीत. चालताना नजर पुढे असते, शब्द आपोआप येतात. आश्वेपर्यंत आवाज चढले, नंतर बराच वेळ कोणी बोललेच नाही. पण ठराव होता, म्हणून पुढे कोणी निघून गेला नाही.

मोरजीला पोहोचलो तेव्हा भरती चढली होती. तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. दिव्यांच्या उजेडाने पिल्ले समुद्राची दिशा चुकतात. म्हणून वाळूवर तंबू नाही, शेकोटी नाही. गावातल्या एका घरी खोली घेतली. पुढे शापोऱ्याचे मुख आडवे येते. ते पोहून पार करण्याचा विचारही करू नये. नदीकाठाने चोपड्याला येऊन शिवोलीच्या पुलावरून जावे.

त्या रात्री थोरल्याच्या गुडघ्याला तेल चोळता चोळता धाकट्याने विचारले, "कौले शिगम्यानंतर घालूया?" खर्च अर्धा-अर्धा ठरला. घर राहत्या माणसांवाचून किती वर्षे टिकेल, हे अजून ठरलेले नाही. तूर्त यंदाचा गणपती मूळ घरातच बसणार आहे.

तुमचीही भावंडे वेगवेगळ्या गावी असतील. पाऊस सरला की निघा. सगळा किनारा नको, केरी ते मोरजी पुरे. पंचांग पाहा, ओझे वाटून घ्या, आणि ज्याचे पाऊल हळू त्याच्या चालीने चाला.

गणपती बाप्पा मोरया!